पडद्यावरचा येशू आणि जबलपूर

येशूचे चरित्र, बायबलमधल्या कथा किंवा ख्रिस्ती श्रद्धेपायी आयुष्य वेचलेल्या माणसांची हकिगत सांगणारे चित्रपट भारतात सव्वाशे वर्षांपासून दाखवले जात आहेत. ते दाखवणाऱ्यांचा हेतू बहुधा स्पष्ट असे: शुभवर्तमान लोकांपर्यंत पोहोचावे. पाहणाऱ्यांनी त्यातून काय घेतले, ही गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने जास्त रंजक आहे. कुणी त्यात कृष्ण पाहिला, कुणी देवदर्शन घेतले, कुणी गाणी पाठ केली, कुणी सूड सोडून देण्याची गोष्ट ऐकली. मध्य भारतात हा इतिहास पाहायचा तर जबलपूरपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण छावणी, रेल्वे, मिशन आणि पाळकांचे शिक्षण या चारही गोष्टी इथे एका गावात होत्या.

नर्मदाकाठचे हे शहर अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली आणि जबलपूर उत्तरेकडचे मोठे ठाणे बनले. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना मिळाल्या, आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग पुरा झाला. मुंबईत जे येईल ते या रुळांवरून जबलपूरला पोहोचू लागले. रेल्वे, कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांतल्या नोकऱ्यांमुळे मराठी कुटुंबेही इथे स्थिरावली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्यानंतर नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि त्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपूरला आले.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम इथे १८५० च्या दशकात सुरू झाले. मागून अमेरिकन मेथॉडिस्ट आले. ‘मिशन प्रेस, जबलपूर’ हा शिक्का विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कितीतरी हिंदी ख्रिस्ती पुस्तकांवर सापडतो. १९२३ मध्ये मेथॉडिस्टांनी पाळकांच्या शिक्षणासाठी उभारलेले विद्यालय पुढे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज म्हणून उत्तर भारतभर ओळखले गेले. कॅथलिकांच्या बाजूने हॉलंडचे नॉर्बर्टाइन धर्मगुरू आले. १९३२ मध्ये जबलपूर हे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले आणि १९५४ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पाळक घडवणाऱ्या गावात एक प्रश्न सतत पुढे उभा असे: ज्याला वाचता येत नाही त्याला बायबल कसे सांगायचे?

या प्रश्नाचे सर्वात जुने उत्तर मराठीतलेच आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ येशूची कथा पुराणाच्या साच्यात सांगतो. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती आणि स्टीफन्स यांनी ती सवय मोडली नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे ते गाजवले. टिळकांच्या आयुष्यातला निर्णायक प्रसंगही मध्य प्रांतातल्या रेल्वेतला आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुस्तकाने वळवलेल्या या माणसाने स्वतः मात्र लोकांपुढे जाताना टाळ आणि चिपळ्यांचीच वाट धरली.

कीर्तनाच्या जोडीला चित्र आले ते मॅजिक लँटर्नमुळे. काचेच्या पट्टीवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा कपडा. मिशनरी हा कंदील घेऊन गावोगाव फिरत आणि एकेक काच सरकवत उधळ्या पुत्राची किंवा वधस्तंभाची गोष्ट सांगत. हे तंत्र त्यांच्यापुरते राहिले नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने रामायण-महाभारताचे असेच खेळ केले. चित्रांना हालचालीचा भास देण्यात पटवर्धन मिशनच्या कंदिलाच्या पुष्कळ पुढे होते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. पुढच्या दोनेक वर्षांत खुद्द ल्युमिएर कंपनीने ख्रिस्ताच्या जीवनावर तेरा दृश्यांची मालिका काढली. फ्रान्सच्या पाथे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच विषय मोठ्या प्रमाणावर घेतला. काही प्रतींना हाताने रंग भरला जाई, देवदूत विरळ होऊन नाहीसे होत, येशू पाण्यावरून चालत येई. ख्रिस्ती भक्तिपट चित्रपटकलेच्या पाळण्यातच जन्मला असे म्हणायला हरकत नाही. कथा सर्वांना ठाऊक असल्यामुळे मूकपटाला शब्दांची गरज कमी भासे, आणि चमत्कार दाखवायचे असल्यामुळे कॅमेऱ्याच्या करामतींना आयते निमित्त मिळे.

या प्रकारच्या एका चित्रपटाचा भारतातला सर्वात दूरगामी परिणाम गिरगावात झाला. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके यांनी अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहिला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके तेव्हा चाळिशीत होते. छपाईच्या धंद्यातून बाहेर पडल्यामुळे हात रिकामे होते. १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत त्यांनी त्या अनुभवाबद्दल स्वतः लिहिले आहे. पडद्यावर येशूचे प्रसंग झरझर सरकत होते आणि त्यांच्या मनापुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. दुसऱ्या वेळी ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन गेले. तिकिटाचे आणि जाण्यायेण्याचे पैसे शेजाऱ्यांकडून उसने आणावे लागले होते. पुढे चित्रपट पाहण्याचा आणि प्रयोगांचा इतका ध्यास लागला की डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जाण्याची वेळ आली. त्यातून सावरून, इंग्लंडहून कॅमेरा आणून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. मग ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ आले आणि पौराणिक चित्रपट हा भारतीय सिनेमाचा पहिला मोठा प्रवाह ठरला.

फाळक्यांनी ख्रिस्ती चित्रपटातून धर्म घेतला नाही, त्याची निंदाही केली नाही. त्यांनी घेतली ती रीत: सर्वांना ठाऊक असलेली पवित्र कथा, प्रसंगांची ओळखीची ओळ, चमत्काराला कॅमेऱ्याची साथ, आणि पात्राकडे समोरून पाहणारा प्रेक्षक. येशूच्या चित्रपटाने प्रेक्षकाला स्वतःच्या देवाकडे पाठवल्याचे यापेक्षा ठळक उदाहरण जगाच्या चित्रपट-इतिहासात सापडणे कठीण. १९९५ मध्ये चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली तेव्हा धर्मविषयक गटात पाथे कंपनीच्या जुन्या ख्रिस्तपटाला जागा मिळाली, आणि मूल्यांच्या गटात अटेनबरो यांच्या ‘गांधी’ला. पडद्याने धर्माधर्मांत जी देवाणघेवाण सुरू केली तिची ही उशिरा दिलेली पावतीच म्हणायची.

मूकपटांच्या काळाच्या अखेरीस सेसिल बी. डिमिल यांचा ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) आला आणि मिशनांच्या हाती खऱ्या अर्थाने एक चित्रपट लागला. एच. बी. वॉर्नर यांनी येशूची भूमिका केली होती. व्यावसायिक प्रदर्शन संपल्यावरही अनेक वर्षे मिशनरी त्याच्या १६ मिलिमीटरच्या प्रती जगभर घेऊन फिरले. या चित्रपटात येशू पहिल्यांदा दिसतो तो प्रसंग नीट पाहण्याजोगा आहे. एक आंधळी मुलगी त्याच्याकडे आणली जाते. पडदा तिच्या डोळ्यांसारखा काळोखा होतो, मग हळूहळू उजेड पसरतो आणि त्या उजेडातून येशूचा चेहरा आकार घेतो. प्रेक्षकाला येशू दिसतो तो नुकत्याच दृष्टी आलेल्या मुलीच्या नजरेतून. अमेरिकन दिग्दर्शकाने हे दृश्य नाट्यासाठी रचले, पण गाभाऱ्याचे दार उघडण्याची वाट पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला यात नवे काही शिकायचे नव्हते. याच चित्रपटाची सुरुवात मात्र मग्दालिया मरियेच्या ऐश्वर्याच्या थाटात होते आणि यहूदाला तिचा प्रियकर केले जाते. यातले काहीही बायबलमध्ये नाही. कथा आणि तिची सजावट वेगळी करून पाहण्याची गरज ख्रिस्ती भक्तिपटाच्या प्रेक्षकाला तेव्हापासून आहे.

जबलपूरच्या छावणीत इंग्रजी चित्रपटांना प्रेक्षक होतेच. गोऱ्या सैनिकांसाठी चालणारे एम्पायर थिएटर पुढे अभिनेते प्रेमनाथ यांनी विकत घेतले. पण भक्तिपटाची खरी जागा थिएटरबाहेर होती: शाळेचे सभागृह, चर्चचे आवार, मिशन कंपाउंड आणि त्यापलीकडची खेडी. १६ मिलिमीटरच्या खेळाची स्वतःची एक व्यवस्था असे. जीप किंवा बैलगाडी दिवस मावळायच्या आधी पोहोचली पाहिजे, कारण पडदा बांधायला उजेड लागतो आणि खेळ सुरू करायला काळोख. दोन बांबूंना किंवा झाडांना चादर ताणली जाई. जनरेटर शक्य तितका लांब ठेवत, नाहीतर त्याच्या फटफटीत आवाज बुडे. सोळाशे फुटांचे एक रीळ साधारण ४४ मिनिटे चाले, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला निदान तीन रिळे. एकच प्रोजेक्टर असला की रीळ बदलताना खेळ थांबे. ही खोळंब्याची मिनिटे फुकट जात नसत: भजन म्हटले जाई, पाळक पुढचा प्रसंग समजावून सांगत, किंवा नुसतीच विड्या पेटवण्याची आणि पोरांना आवरण्याची धांदल उडे. मूकपट असेल किंवा आवाज परक्या भाषेत असेल तर पडद्याशेजारी उभा राहून सांगणारा माणूस चित्रपटाइतकाच महत्त्वाचा ठरे. या माणसाने कीर्तनकाराची जागा घेतली होती. चादरीच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना येशू डावखुरा दिसे, एवढाच काय तो फरक.

स्वातंत्र्यानंतर या कामाला संस्थेचे रूप आले. प्रोटेस्टंट चर्चांची राष्ट्रीय परिषद नागपुरात होती. रेडिओ आणि दृकश्राव्य माध्यमांसाठीची ‘ख्रिश्चन असोसिएशन फॉर रेडिओ अँड ऑडिओ-व्हिज्युअल सर्व्हिस’, म्हणजे आद्याक्षरांनी ‘कॅरव्ज’, ही संस्था जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उभी राहिली. आकाशवाणी सरकारची असल्यामुळे धार्मिक संस्थांना स्वतःचे केंद्र चालवणे शक्य नव्हते. त्यामुळे मार्ग सापडला तो आफ्रिकेतून. लुथरन वर्ल्ड फेडरेशनचे ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ हे केंद्र १९६३ मध्ये इथिओपियातल्या अदिस अबाबा येथे सुरू झाले. त्याच्या हिंदी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण जबलपूरला होई, फिती इथिओपियाला जात आणि तिथून लघुलहरींवर तोच आवाज हिंदी मुलखात परत येई. १९७७ मध्ये इथिओपियातल्या लष्करी राजवटीने ते केंद्र ताब्यात घेतले आणि हा लांबचा वळसा संपला. हिंदीत ख्रिस्ती कथा कानाला कशी लागावी, याचा अभ्यास जबलपूरच्या स्टुडिओत झाला. ‘यीशु मसीह’ बोलतो तेव्हा त्याची हिंदी किती संस्कृत, किती उर्दू, किती बाजारातली असावी, हा प्रश्न पुढे प्रत्येक डबिंगवाल्याला सोडवावा लागला.

याच काळात पडद्यामागचा हेतू वादात सापडला. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली. समितीने १४ जिल्ह्यांतल्या ७७ केंद्रांना भेटी दिल्या, ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. परदेशी पैसा आणि प्रलोभने यांवर त्यात कडक टीका होती. चर्चांनी ती एकतर्फी ठरवली. १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. बळ, प्रलोभन किंवा फसवणुकीने धर्मांतर घडवणे हा त्यात गुन्हा ठरला. त्याला आव्हान देणारा खटला जबलपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालाने कायदा वैध ठरवला आणि सांगितले की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी ही रेघ महत्त्वाची होती. कथा सांगणे आणि दाखवणे रेघेच्या एका बाजूला राहते. खेळानंतर काय होते यावरून ती ओलांडली गेली की नाही हे ठरते. त्यामुळे गावातल्या खेळाकडे पोलीस, पुढारी आणि पाळक तिघेही तीन नजरांनी पाहू लागले, आणि अजूनही पाहतात.

न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षांच्या आत असे दोन चित्रपट आले की भारतातल्या ख्रिस्ती भक्तिपटाचा पुढचा सगळा इतिहास त्यांच्यात विभागता येतो. पहिला ‘करुणामयुडु’ (१९७८). मूळ तेलुगू, दिग्दर्शक ए. भीमसिंग, येशूच्या भूमिकेत विजयचंदर. पैशांअभावी हा चित्रपट बराच काळ रेंगाळला आणि तो प्रदर्शित होण्याआधीच भीमसिंग वारले. हिंदीत तो ‘दयासागर’ नावाने डब झाला आणि फिरत्या खेळांतून उत्तर व मध्य भारतातल्या असंख्य गावांत पोहोचला. दुसरा ‘जीझस’ (१९७९). अमेरिकेतल्या कॅम्पस क्रूसेड या संस्थेचा पुढाकार, इस्रायलमध्ये चित्रीकरण, इंग्रज नट ब्रायन डीकन येशूच्या भूमिकेत, आणि पटकथा जवळजवळ शब्दशः लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेली. हिंदी ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या भाषांपैकी एक. मराठीतही तो आला. आजवर दोन हजारांहून अधिक भाषांत त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे.

‘जीझस’चा आग्रह अचूकतेचा आहे. घरे, कपडे, भांडी पहिल्या शतकातली वाटावीत याची त्यात काळजी घेतली आहे आणि ग्रंथाबाहेरचा मजकूर शक्यतो टाळला आहे. त्यामुळे तो पाहणाऱ्याला एक फायदा मिळतो: चार शुभवर्तमाने म्हणजे एकच कथा नव्हे, हे लक्षात येते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला फक्त लूकमध्ये आहे; तारा पाहून पूर्वेकडून आलेले मागी लोक फक्त मत्तयात. नाताळच्या देखाव्यात मेंढपाळ आणि मागी शेजारी शेजारी मांडायची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा फरक पुस्तकापेक्षा पडद्यावर लवकर कळतो. उणीवही याच आग्रहातून येते. चित्रपट शिकवत राहतो. शेवटी प्रेक्षकाला थेट आवाहन येते तेव्हा कलाकृती संपून प्रवचन सुरू झाल्याचे जाणवते.

‘दयासागर’ची जातकुळी वेगळी. त्यात गाणी आहेत, संगीताचा गजर आहे, येशू वारंवार चौकटीच्या मध्यभागी समोरून उभा राहतो आणि भक्त हात जोडून त्याच्याकडे पाहतात. ही रीत दक्षिणेतल्या पौराणिक चित्रपटांची, म्हणजे मुळात फाळक्यांची. १९१०-११ मध्ये येशूच्या चित्रपटाने कृष्णाच्या चित्रपटाला जन्म दिला. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांनी कृष्णाच्या चित्रपटाने आपली वेशभूषा येशूला चढवली. समीक्षकांना यातले भडक रंग आणि लांबलेली गाणी खटकतात, पण खेड्यातल्या प्रेक्षकाला डीकनचा शांत, गोरा, मोजके बोलणारा येशू पाहुणा वाटे आणि विजयचंदरचा घरचा. याच विजयचंदर यांनी १९८६ मध्ये ‘श्री शिर्डी साईबाबा महात्म्यम’ या तेलुगू चित्रपटात साईबाबा साकारले. एकाच नटाच्या चेहऱ्यावर दोन पंथांच्या लोकांनी हात जोडले, आणि यात कुणाला फारसे वावगे वाटले नाही. मिशनांच्या दृष्टीने ही अडचणही होती. ‘दयासागर’ पाहून रडणारा माणूस घरी जाऊन येशूची तसबीर बाकीच्या देवांच्या रांगेत लावी, आणि त्याचे समाधान तिथेच पूर्ण होई.

दूरदर्शनने पडदा घरात आणला. केरळच्या नवोदय स्टुडिओची ‘बाइबल की कहानियाँ’ ही मालिका १९९२ च्या डिसेंबरात सुरू झाली. रामायण-महाभारताच्या मालिकांनी तयार केलेला प्रेक्षक तिला मिळाला, पण तेवढे यश मिळाले नाही. मराठीत याच्या दहा वर्षे आधी एक वेगळी वाट दिसली होती. विजया मेहता यांनी नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत. त्यात चमत्कार नाहीत. नवऱ्याने धर्म बदलल्यावर एका बाईच्या स्वयंपाकघरात, सोवळ्यात, माहेरात आणि शेवटी मनात काय होते, एवढेच आहे. भक्तिपटाच्या व्याख्येत तो काटेकोरपणे बसत नाही, तरी ख्रिस्ती होणे म्हणजे रोजच्या जगण्यात काय, हे जितके त्यातून समजते तितके येशूच्या डझनभर चरित्रपटांतून समजत नाही.

२००४ मध्ये मेल गिब्सन यांचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ भारतातल्या थिएटरांत लागला. संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन भाषांतले, पडद्याखाली मजकूर. येशूच्या शेवटच्या बारा तासांचा छळ त्यात इतक्या तपशिलाने येतो की गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेची भक्ती करणाऱ्यांनाही तो सहन करणे जड गेले. हा चित्रपट पाहताना दोन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. त्यातले पुष्कळसे प्रसंग जर्मन साध्वी ॲना कॅथरिना एमरिक यांच्या दृष्टान्तांच्या पुस्तकातून आले आहेत, आणि येशूचे तोंड पुसणारी वेरोनिका परंपरेत आहे, शुभवर्तमानांत नाही. दुसरे, यहुदी पुढाऱ्यांचे त्यातले चित्रण युरोपातल्या जुन्या यहुदीद्वेषाला खतपाणी घालणारे आहे, अशी टीका तेव्हा झाली आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

गेल्या काही वर्षांत भर येशूच्या चरित्रावरून त्याच्या मागून गेलेल्या माणसांवर आला आहे. ओरिसातल्या मनोहरपूर गावात जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना गाडीत जाळून मारले गेले. त्यावरचा ‘द लीस्ट ऑफ दीज’ २०१९ मध्ये आला, शर्मन जोशी त्यात पत्रकाराच्या भूमिकेत आहेत. मध्य प्रदेशच्या प्रेक्षकाला जास्त जवळचा आहे तो ‘द फेस ऑफ द फेसलेस’. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणाऱ्या शैसन पी. औसेफ यांनी तो दिग्दर्शित केला, विन्सी अलोशियस यांनी सिस्टर राणी मारिया यांची भूमिका केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो प्रदर्शित झाला.

राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९८३ मध्ये त्या जबलपूरच्या ईशान्येला असलेल्या सतना धर्मप्रांतात ओडगडीला आल्या आणि १९९२ मध्ये इंदूरजवळच्या उदयनगरला गेल्या. आदिवासी शेतकऱ्यांना सरकारी योजना समजावून सांगणे, बँकेची आणि बचत गटाची वाट दाखवणे, सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवणे हे त्यांचे काम. सावकारी दुखावली गेली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना चाकूने भोसकून मारण्यात आले. अंगावर ५४ जखमा होत्या. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांच्या धाकट्या बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, याही जोगीणच. २००२ मध्ये त्यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्याआधी, २०१३ मध्ये, कॅथरिन मॅकगिल्व्रे यांनी मारेकऱ्याच्याच बाजूने ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट केला होता.

या कथेत पाण्यावर चालणारे कुणी नाही. बचत गट, सातबाऱ्यासारखे कागद, एस.टी.सारखी बस आणि राखी आहे. क्षमा हा ख्रिस्ती शिकवणुकीचा गाभा इथे रक्षाबंधनाच्या धाग्यातून येतो, आणि प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. अशा चित्रपटांना मर्यादाही आहेत. नायिका बहुधा पहिल्यापासून संतच असते, सावकार पहिल्यापासून काळाकुट्ट. ज्या आदिवासींसाठी सारे घडते ते पुष्कळदा मागच्या रांगेत उभे राहतात, आणि त्यांच्या तोंडचे शब्द कमी. ज्या राज्यात हे घडले तिथला सावकारीचा, जमिनीचा आणि जातीचा इतिहास बाहेर ठेवला की हत्येचे कारण केवळ दुष्टपणा उरते. क्षमेचा प्रसंग अवघड का होता हे कळायला तो इतिहास लागतो.

फिरत्या प्रोजेक्टरचे दिवस बहुतांशी संपले आहेत. ‘दयासागर’ आणि ‘जीझस’च्या हिंदी, मराठी आवृत्त्या मोबाइलवर फुकट पाहता येतात, उपवासकाळात चर्चच्या व्हॉट्सअॅप गटांवर त्यांचे तुकडे फिरतात. पूर्वी तीन रिळांमधल्या खोळंब्यात पाळक जे समजावून सांगत ते आता कुणी सांगत नाही. काही चर्चांच्या तरुण मंडळांत अजून सभागृहात एकत्र चित्रपट दाखवून नंतर चर्चा ठेवण्याची पद्धत आहे. तिथे बायबल उघडून पडद्यावरचा प्रसंग कोणत्या शुभवर्तमानातला, कोणता परंपरेतला आणि कोणता दिग्दर्शकाच्या डोक्यातला, हे ताडून पाहिले जाते.